रताळ्याची पहिली धार

ती गेली तेव्हा रताळ्याचे वेल वीतभर झाले होते. घरामागच्या अर्ध्या एकराच्या तुकड्यात तिनं गणपती उठल्यावर सऱ्या पाडून घेतल्या होत्या आणि वेलाचे तुकडे स्वतः खाली बसून लावले होते. दिवाळीच्या आधी तापाचं निमित्त झालं. बारामतीच्या दवाखान्यात सहा दिवस काढले आणि सातव्या दिवशी मी तिला घेऊन आमच्या गावी, कळसला परत आलो.

आम्हा नवरा-बायकोला मूल नाही. मी तीस वर्षं एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होतो. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं वडिलोपार्जित जमिनीवर घर बांधून राहायला आलो. गावापासून दोन किलोमीटरवर, डाळिंबाच्या बागांमधून जाणारा मुरमाचा रस्ता आणि त्याच्या टोकाला आमच्या चार खोल्या. दोन माणसांना ते घर बरोबर पुरत होतं. एकाला ते फार मोठं झालं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. जळोचीहून माझी बहीण आठवडाभर राहिली आणि तीही गेली. जाताना म्हणाली, "तिकडं चल, आमच्यात राहा." मी म्हणालो, बघू. मग दिवसचे दिवस असे जायला लागले की संध्याकाळी लक्षात यायचं, आज आपण एक शब्दही बोललेलो नाही. एकदा मोबाइलवर कंपनीच्या बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, तुमचा रिचार्ज संपत आला आहे म्हणून. मी तो शेवटपर्यंत ऐकला.

माघात रताळी काढायला आली. दोन बायका मजुरीला बोलावून मी ती खणून घेतली. आठ पोती निघाली. महाशिवरात्रीच्या आधी बायको दरवर्षी कुणाकुणाकडं रताळी पाठवायची, हे मला नीट माहीत नव्हतं. आठवली तेवढी घरं केली. काही पोती इंदापूरच्या बाजारात गेली. तरी तीन पोती पडवीत उरली. मी एकटा खाऊन खाऊन किती खाणार? चुलीत भाजलेलं एक रताळं आणि कपभर दूध, असं रात्रीचं जेवण मी पंधरा दिवस केलं. मग तेही नको झालं. पोत्यातून तांबूस कोंब बाहेर डोकावायला लागले.

एका दुपारी त्या पोत्यांकडं बघत असताना डोक्यात आलं, याची दारू होईल.

खरं तर दारूचा मला तिटकारा होता. मी कधी प्यायलो नाही. तीस वर्षं स्पिरिटच्या वासात काम केलेल्या माणसाला ती प्यावीशी वाटत नाही. बायको तर मी कामावरून आलो की कपडे बाहेरच्या बादलीत टाकायला लावायची. पण करायला काही नव्हतं आणि हेच एक काम मला येत होतं. घरी दारू गाळणं बेकायदा आहे, हेही मला इतरांपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. डिस्टिलरीत एक्साइजचा अधिकारी शेजारच्या खोलीत बसायचा आणि त्याच्या कुलपाखेरीज एक थेंब बाहेर जात नसे. मी स्वतःला सांगितलं, एकदा करून बघायचं, विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. यातलं विकायची नाही एवढंच मी पाळलं.

कारखान्यात आम्ही उसाच्या मळीपासून स्पिरिट काढायचो; मळीत साखर तयारच असते. रताळ्यात पीठ असतं, मोड आलेल्या धान्यानं त्याची आधी साखर करावी लागते. मी ज्वारी भिजवून तिला मोड आणले, वाळवून भरडली आणि उकडून कुस्करलेल्या रताळ्यात कोमट असतानाच कालवली. बारामतीच्या एका बेकरीतून यीस्ट आणलं. निळ्या प्लास्टिकच्या पिंपात सगळं घातलं आणि मागच्या खोलीच्या दाराशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपाशी गेलो तर आतून बारीक चुरचुर ऐकू येत होती. मी खुर्ची आणून तिथं बसलो. तासभर नुसता ऐकत होतो. घरात काहीतरी हलतंय, चाललंय, एवढंच मला पुरे होतं.

तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी आबा उभे दिसले.

ओढ्यापलीकडच्या वस्तीवर त्यांचं घर. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकुळे, डोक्यावर टोपी, हातात काठी, मागे पाच-सहा शेळ्या. आमच्या घरावरून जाणारी पायवाट त्यांना माळावर जायला जवळची पडायची. येता-जाता रामराम होई, त्यापलीकडं आमची ओळख नव्हती. मुलगा ट्रॅक्टर चालवतो आणि सून घर बघते, एवढं मला माहीत होतं.

"साहेब," ते म्हणाले, "आत काय घातलंय?"

"कुठं काय?"

"वास येतोय. पार ओढ्यापतूर येतोय."

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण कित्येक दिवसांत कुणी आपणहून माझ्याशी बोललं नव्हतं. मी म्हणालो, "रताळी आहेत, आबा."

त्यांनी डोळे मिटले आणि हळूच श्वास ओढला. "आंबट चाललंय. ऊन लागतंय त्येला. सावलीत घ्या, आन् वलं पोतं गुंडाळा भवतीनं."

मी पिंप आत ओढलं. त्यांचं बरोबर होतं, पण उशीर झाला होता. ते पहिलं पिंप नासलं आणि मी ते उकिरड्यात ओतलं. ते ओतताना आबा शेजारी उभे होते. तेव्हा त्यांनी सांगितलं की तरुणपणी ओढ्याच्या कडेला त्यांची भट्टी होती. काळा गूळ, नवसागर आणि मातीची मडकी. पोलिसांनी दोनदा मडकी फोडली, एकदा त्यांना इंदापूरला नेऊन बसवलं. हे सगळं त्यांनी लाज न वाटता सांगितलं, फुशारकीही न मारता. एखादा माणूस आपण कुठं नोकरी केली ते सांगतो तसं.

दुसरं पिंप आम्ही दोघांनी मिळून घातलं. मी थर्मामीटर लावायचो, ते पिंपाला उलटा हात लावून सांगायचे, "जरा ऊन हाय." दोघांचं उत्तर एकच निघायचं आणि त्याची आम्हाला गंमत वाटायची. रोज चारच्या सुमाराला ते शेळ्या बाभळीला बांधून पडवीत येत. मी दोन कप चहा टाकायचो. दुसरा कप फळीवरून काढताना पहिल्या दिवशी माझा हात अडखळला होता. नंतर सवय झाली. आबा फार बोलत नसत. पण समोर माणूस बसलाय, त्याची काठी भिंतीला टेकवलेली आहे, बशीचा आवाज होतोय, याची मला किती गरज होती ते मला तेव्हाच कळलं.

गाळायचा दिवस रविवारचा ठरवला. दुधाचा जुना कॅन, बारामतीच्या फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून आणलेली तांब्याची नळी, ती गार पाण्याच्या बादलीतून फिरवलेली. जाळाकडं आबा बसले.

"दमानं," ते स्वतःशीच म्हणत होते, "जाळाला घाई नको."

दुपारी तीनला नळीच्या टोकाशी पहिला थेंब आला. मग दुसरा. आबा पुढं वाकले. मी ग्लासभर जमू दिली, उचलली आणि मातीत ओतली.

ते अर्धवट उठलेच. "आवं साहेब, पयल्या धारेची हाय ती."

"तीच टाकायची असते, आबा. नको ते सगळं तिच्यात असतं."

"आमी तर तीच जपून ठिवायचो. गिऱ्हाईक तिच्यासाठीच यायचं." थोडा वेळ ते ओल्या मातीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्यातल्या एकाचं डोळं गेलं हुतं. तवा म्हणायचो, नशिबात हुतं."

मी दुसरा ग्लास नळीखाली धरला. धार लागली होती. स्वच्छ, पाण्यासारखी. संध्याकाळपर्यंत दीड बाटली निघाली.

आता प्रश्न होता, झालीय कशी? वासावरून मी बरंच सांगू शकतो, पण चव मला कळत नाही. जिभेवर घेतली तर फक्त जळजळ. मी स्टीलच्या वाटीत थोडी ओतून आबांपुढं धरली.

"चव सांगा."

त्यांनी वाटी हातात घेतली. नाकाजवळ नेली. बराच वेळ तशीच धरली आणि मग परत दिली. "वासावनं चांगली हाय," म्हणाले, काठी घेतली आणि शेळ्या सोडून निघून गेले.

मला वाटलं, बेकायदा म्हणून भ्याले असतील. मी तिथंच थांबायला हवं होतं. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गाळली आणि मी पुन्हा वाटी पुढं केली. ते नको म्हणाले. मी म्हणालो, "एक घोट घ्या की. एवढं केलं, ते काय बनलंय हे मला कळायला नको का? दुसरं कोण आहे सांगणारं?"

हे वाक्य मी बोललो. अजून मला ते जसंच्या तसं ऐकू येतं.

आबांनी वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि एका दमात वाटी रिकामी केली. डोळे मिटून बसून राहिले. "रताळं हाय ह्यात," ते म्हणाले. "भाजल्यालं रताळं. मागनं गोड लागतंय. आमच्या मडक्यातली कशाची हाय ते कवाच कळायचं न्हाय."

मला इतका आनंद झाला की मी उठून उगाचच बादलीतलं पाणी बदललं. कारखान्यात माझ्या कामाचे आकडे रोज कागदावर उतरायचे, पण केलेल्या गोष्टीत काय चांगलं आहे ते कुणी असं शब्दांत सांगितलं नव्हतं. घरी ती होती तेव्हा ती सांगायची, भाजी बरी झालीय किंवा भिंत नीट रंगवलीय. तिच्यानंतर हे पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं.

त्या दिवशी आबांनी दुसरी वाटी मागितली नाही. मी आपणहून दिली.

पुढचा महिना-सव्वा महिना मी पोत्यातली रताळी संपवण्याच्या मागं लागलो. म्हणजे मी तसं म्हणायचो. खरं तर पिंप रिकामं झालं तर आबांना यायचं कारण उरणार नाही, ही भीती होती. ते आता चारऐवजी तीनला येत. मग दोनला. एकदा शेळ्या बांधायच्या राहिल्या आणि शेजारच्या डाळिंबात शिरल्या. शेजाऱ्यानं आबांना बरंच ऐकवलं. आबा खाली मान घालून उभे होते. जाळाजवळ बसणं त्यांनी सोडलं. बोलताना नजर फडताळावरच्या बाटलीकडं जायची. समोरचा चहा तसाच निवून जायचा.

मला हे दिसत होतं. दिसत नव्हतं असं खोटं कशाला सांगू? पण बोललो तर ते यायचे बंद होतील, म्हणून मी बोललो नाही. स्वतःची समजूत घातली की म्हातारा माणूस आहे, दोन वाट्यांनी काय होतंय.

एका सकाळी मी अंगण झाडत होतो तर त्यांची सून आली. पदर खोचलेला, हातात काही नाही. ती फाटकाच्या आत आली, पण पडवीत आली नाही. मी म्हणालो, "या ताई, बसा."

"बसत न्हाय काका. एक इचारायचं हुतं. तुमी पिता का?"

"नाही."

"कवाच न्हाय?"

"कधीच नाही."

"मग करता कशाला?"

झाडू तसाच हातात होता. तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"आबांनी नऊ वर्सं झाली सोडल्याली," ती म्हणाली. "माझी थोरली झाली तवा. बाळतिणीच्या खोलीच्या दारात आलं हुतं, पोरीला घ्यायला. मी म्हणलं, त्वांडाला वास आसंल तर मांडीवर देणार न्हाय. त्या दिसापासनं शिवली न्हाय त्यांनी. लग्नात न्हाय, जत्रंत न्हाय. लई तरास झाला सोडताना, पंधरा दिस नुसतं कापत हुतं. माझी सासूबी तवा जित्ती हुती, तिनं बघितलं. आन् काल थोरली म्हणली, आबांच्या त्वांडाला कसला वास येतोय."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"नसंल म्हाईत. पण त्यांनी न्हाय म्हणलं नव्हतं का तुमाला?"

म्हणाले होते. एकदा वाटी परत देऊन, एकदा तोंडानं.

ती फाटकाकडं वळली. मग म्हणाली, "तुमचं मानूस गेलं, आमाला कळतं. जेवायला आमच्यात आला आसता तर कुणी नको म्हणलं आसतं का? पन हे नको हुतं." आणि ती गेली.

मी त्याच सकाळी पिंप उकिरड्यावर पालथं केलं. बाटल्या मोरीत ओतल्या. घरभर तो गोडसर वास सुटला आणि दारं-खिडक्या उघड्या टाकूनही संध्याकाळपर्यंत गेला नाही. तांब्याची नळी वाकवून भंगारवाल्याला दिली. हे सगळं करायला दोन तास लागले असतील. दुपारी मी पडवीत आबांची वाट बघत बसलो. आले की माफी मागायची, असं ठरवलं होतं. ते आले नाहीत. चार दिवसांनी त्यांच्या मुलाला रस्त्यात थांबवून विचारलं, तर म्हणाला, "सांगवीला सोडलंय त्यास्नी, माझ्या बहिणीकडं. थोडं दिस तितंच बरं."

मी आणखी पंधरा दिवस जाऊ दिले आणि मग मोटारसायकल काढून सांगवीला गेलो. आबांच्या मुलीचं घर गावाबाहेर उसाच्या कडेला होतं. आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. आणखी वाळले होते. मला बघितल्यावर उठायला लागले, मी बसा म्हणालो. त्यांची मुलगी पाणी देऊन आत गेली. ती मला ओळखत होती की नाही कुणास ठाऊक.

"आबा, चुकलं माझं," मी म्हणालो.

"तुमचं काय चुकलं? त्वांड माझं, हात माझा."

"तुम्ही नको म्हणाला होता."

"म्हणलो हुतो." ते उसाकडं बघत होते. "पन मनातनं म्हणलो नव्हतो, साहेब. आतनं वाट बगत हुतो, पुन्यांदा कवा इचारतील म्हणून."

मी सांगितलं की सगळं फेकून दिलंय. पिंप, नळी, काही ठेवलं नाही. त्यांनी मान हलवली. मग मी म्हणालो, "कळसला परत आलात की येत जा. नुसता चहा घेऊ."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"राग मानू नका," ते म्हणाले. "तुमी हितं येऊ नका. मी बी तुमच्याकडं येनार न्हाय. आत्ता तुमची गाडी वळली, तुमी दिसला, आन् माज्या त्वांडाला पानी सुटलं. तुमाला बघितलं की मला ते रताळं आठवतंय. त्येला माझा इलाज न्हाय."

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? थोडं बसलो, त्यांच्या गुडघ्यांचं विचारलं आणि निघालो. येताना कालव्याच्या पुलावर गाडी थांबवली आणि उगाच पाणी बघत उभा राहिलो. त्या माणसाला माझी ओढ होती की बाटलीची, हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. पण माझीही ओढ त्यांच्यासाठी होती की कुणीही समोर बसण्यासाठी, हे मला तरी कुठं सांगता येत होतं?

पाऊस सुरू झाल्यावर आबा कळसला परत आले. मला ते सुनेकडून कळलं. ती आता रस्त्यात दिसली की थांबते, दोन शब्द बोलते. त्या दिवशी मीच विचारलं, शेळ्या घेऊन जाताना आबा दिसत नाहीत ते.

"वड्याच्या अंगानं वळसा घालून जात्यात," ती म्हणाली. "तुमच्या दारावनं नको म्हणत्यात. लांब पडतंय. गुडघं सुजत्यात त्यांचं, पन आयकत न्हायती."

मी म्हणालो, "त्यांना सांगा, तीन ते सहा मी घरी नसतो."

"कुठं आसता?"

"गावात."

ते तेव्हा खरं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी ते खरं केलं. अडीचला दाराला कुलूप लावतो आणि चालत गावात जातो. दूध डेअरीच्या बाहेर एक सिमेंटचा बाक आहे, तिथं बसतो. सुरुवातीला लोकांना वाटलं मी दूध घालायला आलोय, मग वाटलं डेअरीत माझं काही काम अडलंय. आता कुणी विचारत नाही. डेअरीवाला कधी कधी फॅट मोजायच्या मशीनवरचा आकडा मला दाखवतो, केमिस्ट होतो म्हणून. मी बरोबर आहे म्हणतो. सहा वाजता उठतो आणि परत निघतो.

परवा पावसानं पायवाट ओली होती. फाटकातून आत शिरताना खाली बघितलं, तर चिखलात शेळ्यांच्या खुरांचे ठसे होते आणि त्यांच्या कडेनं, अंतरा-अंतरावर, काठीची गोल टोकं उमटली होती. मी पाय त्यांच्यावर पडू न देता बाजूनं घरात गेलो आणि दिवा लावला.